मामुली

खडकवाडीत बेलाचं झाड एकच होतं, आणि ते नेमकं महारवाड्यात, दगडाबाईच्या अंगणात होतं. ह्याला कोणाचा इलाज नव्हता. झाड काही गावाला विचारून उगवत नाही. तरी गावाने आपल्या परीने तोड काढली होती. दगडाबाई रोज सकाळी बेल तोडायची, तिन्ही पानं शाबूत आहेत ना हे एकेक करून बघायची, टोपली देवळाच्या खालच्या पायरीवर ठेवायची आणि मागं सरून उभी राहायची. मग काशीनाथ गुरव वरून यायचा, टोपलीवर तांब्यातलं पाणी शिंपडायचा आणि बेल महादेवाकडे न्यायचा. पाणी शिंपडलं की बेल चोख झाला. तोडणाऱ्या हातावर मात्र कितीही पाणी शिंपडलं तरी भागत नव्हतं. हे असं का, हा प्रश्न काशीनाथला कधी पडलाच नाही असं नाही. पडायचा, पण तेव्हा नेमकी पूजेची घाई असायची.

दगडाबाईचा मुलगा सटवाजी परभणीला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. रुळावर काम करणारी माणसं चार मुलखांतली असतात आणि त्यांच्या तोंडून चार मुलखांतल्या गोष्टी कळतात. तिकडे इंग्रजी मुलखात महार-मांगांना देवळं उघडायचे कायदे व्हायला लागलेत, हे त्याला तिथेच कळलं. निजामाच्या राज्यात तसला कायदा नव्हता. इथे देवाधर्माच्या भांडणाचा सगळा निकाल एका शब्दात मावायचा, तो म्हणजे मामूल. मामूल म्हणजे पूर्वीपासून चालत आलेली वहिवाट. देऊळ असो, मशीद असो, पूर्वी वाजवत असाल तर वाजवा, पूर्वी मिरवत असाल तर मिरवा. नवीन काही काढलंत तर सरकारची हरकत. तंटा आला की अंमलदार एवढंच विचारायचा, मामूल काय आहे? ते कळलं की तो मोकळा.

सटवाजीने ह्याच शब्दाला हात घातला. त्याने तहसीलीत अर्जी दिली, की आम्हाला नवीन काहीच नको. माझ्या आईने ह्या देवळात, थेट गाभाऱ्यात जाऊन महादेवाची पूजा केलेली आहे. तेव्हा ते आमचं मामूल झालं. ते चालू ठेवावं, आणि येत्या शिवरात्रीला तिला आपल्या हाताने पिंडीवर पाणी घालू द्यावं.

अर्जीची बातमी गावात आली तेव्हा चावडीवर लोक पोट धरून हसले. मग त्यांच्यातल्या जुन्या माणसांना काहीतरी आठवलं आणि त्यांचं हसणं आटोपलं. कारण सटवाजी खोटं बोलत नव्हता.

ती वीसेक वर्षांमागची, मानमोडीच्या तापाच्या साथीतली गोष्ट. घरटी दोन-तीन माणसं अंथरुणाला आणि उरलेली तिरडीमागे, अशी गावाची गत झाली होती. गुरवाच्या घरात म्हातारा गुरव, म्हणजे काशीनाथचा बाप, तापाने फणफणला होता आणि ऐन तारुण्यातला काशीनाथ शेजारच्या बाजेवर कण्हत पडला होता. त्याची बायको पार्वतीबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. दगडाबाई नेहमीसारखी बेल घेऊन आली, तर आदल्या दिवशीची टोपली पायरीवर तशीच, बेल वाळून गेलेला. ती गुरवाच्या दाराशी आली आणि बाहेरूनच म्हणाली, "गुरवबाबा, बेल तसाच पडलाय."

म्हाताऱ्याला मान उचलवत नव्हती. पडल्या पडल्याच तो म्हणाला, "दगडे, आता तूच जा. कवाड लोटलेलंच हाय. पानी घाल, बेल वाहा, दिवा लाव. देवाला उपाशी ठिऊ नको."

"म्या?"

"तूच. दुसरं हाय कोन?"

हे काशीनाथने आपल्या कानांनी ऐकलं. म्हातारा त्याच साथीत गेला आणि त्याचा हा शब्द ऐकलेला काशीनाथ तेवढा मागं राहिला.

बरं वाटल्यावर एका सकाळी तो भिंती धरत धरत देवळात पोचला. पिंड धुतलेली होती, समई तेवत होती. बेल वाहिलेला होता, आणि तोही पालथा, गुळगुळीत बाजू पिंडीला लागेल असा, देवाला चालतो तसा. काशीनाथची ह्या बाबतीत एक खोड होती. कोणी भक्ताने बेल उताणा वाहिला की त्याला राहवायचं नाही. तो हात घालून सुलटा करायचाच, मग समोर पाटील असो की पाटलाचा पाहुणा. त्या दिवशी मात्र हात घालायला जागा नव्हती. त्याला बघताच दगडाबाईने तांब्या खाली ठेवला, ती बाहेर आली, पायऱ्या उतरली आणि मागं सरून आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. काशीनाथला तेव्हा हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं होतं, ही गोष्ट त्याला पुढे जन्मभर आवडली नाही.

त्याच दिवसांत पाटलाच्या वाड्यात माणिकराव नावाचं पोर तापात बरळत होतं. पाटलीणबाईंनी देवळातून अंगारा मागवला, तो दगडाबाईनेच गाभाऱ्यातून काढून नेऊन दिला. पोराच्या कपाळाला अंगारा लागला आणि पोर उठलं. साथ सरली, गाव घरी आलं, आणि सगळ्यांनी मिळून ही गोष्ट अशी विसरून टाकली, की विसरलो हेसुद्धा कोणाला आठवेना. आता ते पोर गावाचं पाटील होतं.

तहसीलीतले साहेब अर्जीच्या चौकशीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी माणिकराव पाटील देवळात आले. दर्शन घेतलं, भस्म लावलं आणि सभामंडपात काशीनाथजवळ टेकले. आवाज चढवायची त्यांना सवयच नव्हती, गरजही पडत नसे.

"काशीनाथ, उद्या तुलाच इचारतील. खोटं बोल असं म्या मनत न्हाई. देवाचा मानूस तू."

"जी."

"पन साथीतलं करनं म्हंजे मामूल व्हत न्हाई. घराला आग लागल्यावर मानूस कुनाच्याबी हिरीचं पानी आनतंय. मनून काय ती हिर त्याची व्हती का? तूच सांग."

पाटलांनी मग त्याच्या इनामी जमिनीतल्या ज्वारीची चौकशी केली, ह्या साली खळ्यावर बलुतं सगळ्यांनी नीट घातलं का ते विचारलं, आणि उठले. धमकी म्हणावी तर त्यात एकही वाकडा शब्द नव्हता. काशीनाथला मात्र त्या ज्वारीचं कणीस न् कणीस डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाईने टोपली ठेवली, पण मागं सरताना ती नेहमीपेक्षा जरा अलीकडेच थांबली.

"आज साहेब यायलाय मनं," ती म्हणाली.

"यायलाय."

"तुमाला इचारतील."

"इचारतील की."

"मला काय रोज न्हाई जायचं, दादा. माझ्या डोळ्याचं आता खरं न्हाई. दिसतंय तवर एकडाव जावं वाटतंय. तवा म्या देवाकडं नीट बगितलंच न्हाई. कोनी बगंल मनून समदी घाईच असायची. आता समद्याच्या देखत जावं, हुबं ऱ्हावं, डोळे भरून बगावं. एवडंच."

"बघू," काशीनाथ म्हणाला. बघू हा शब्द फार सोयीचा. त्यात होकारही मावतो आणि नकारही मावतो, आणि बोलणाऱ्याला त्यातलं काहीच द्यावं लागत नाही. दगडाबाईने त्यातला होकार तेवढा उचलला आणि ती खुशीत घरी गेली.

टोपलीवर पाणी शिंपडताना काशीनाथच्या मनात सगळं ठरत आलं होतं. नाही म्हणायचं नाही, बाप वरून ऐकत असेल. होय म्हणायचं नाही, पाटील समोरच बसलेले असतील. असं काहीतरी बोलायचं की गोष्ट लहान होऊन जाईल. गोष्टच लहान झाली, तर तिच्यापायी कोणी कोणावर रागावणार नाही. असा त्याचा हिशोब होता, आणि भल्या माणसांचे हिशोब बहुधा असेच असतात.

चावडीच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. साहेब मध्ये, त्यांच्या बाजूला लिहिणारा पेशकार, पलीकडे पाटील आणि गावातली चार वजनदार माणसं. महारवाड्यातली मंडळी खाली, लिंबाच्या सावलीलाही न शिवता, लांब उन्हात उभी होती. पुढे सटवाजी, त्याच्या दंडाला धरून दगडाबाई. तिने धुवट लुगडं नेसलं होतं.

साहेब हैदराबादकडचे होते. मराठी कळायची, बोलताना मात्र जीभ उर्दूकडे वळायची. त्यांनी सटवाजीचं ऐकून घेतलं, पाटलांचं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, देवळाचा माणूस कोण? काशीनाथ ओट्याच्या कडेला हात जोडून उभा राहिला.

"ह्या बाईने आत जाऊन पूजा केली होती?"

काशीनाथने एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा उन्हात उभ्या असलेल्या दगडाबाईकडे. मग घसा खाकरला आणि दोन्हीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "केली व्हती, साहेब. पन ते आपलं मामुली व्हतं."

मामुली म्हणजे किरकोळ. विशेष काही नाही, सोडून द्या, अशा अर्थाने आपण तो शब्द रोज वापरतो. काशीनाथलाही तेवढंच म्हणायचं होतं. पण पेशकाराची लेखणी थांबली. साहेब पुढे झुकले. त्यांच्या भाषेत ह्या शब्दाचं घराणं मोठं होतं.

"मामूली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "यानी मामूल के मुताबिक? रिवाजाप्रमाणे करत होती, असंच ना?"

काशीनाथच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आपण लहान करायला गेलेली गोष्ट तोंडातून मोठी होऊन बाहेर पडली होती. आता काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. पेशकाराने लिहिलं असतं, साहेबांनी सही केली असती, आणि शिवरात्रीला दगडाबाई सगळ्यांच्या देखत पायऱ्या चढून वर आली असती. पाटलांना सांगायला तोंडही होतं, की मी तर मामुलीच म्हणालो, साहेबांनी भलताच अर्थ काढला त्याला मी काय करू? इनाम राहिलं असतं, बलुतं राहिलं असतं, बापाचा शब्दही राहिला असता. इतकी सोयीची चूक माणसाच्या वाट्याला जन्मात एकदाच येते.

आणि काशीनाथने ती सुधारली.

का, ते त्याला कधीच धड सांगता आलं नाही. पाटलांची भीती होती, ती तर होतीच. पण नुसती भीती असती तर ती मनाला कबूल करून तो मोकळा झाला असता. त्याला वाटत राहिलं ते दुसरंच. उताणा पडलेला बेल दिसला की हात आपोआप पुढे जातो, तसा तो गेला. "न्हाई साहेब," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मामूल न्हाई. मामुली. म्हंजे कायबी न्हाई असं."

साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "सोच के बोलो, गुरव," ते म्हणाले. "लिहिल्यावर बदलणार नाही." हा माणूस आपल्याला आणखी एक संधी देतो आहे, की नुसती सरकारी सावधगिरी आहे, हे काशीनाथला तेव्हा कळलं नाही. घरी येऊन भाकरीचा घास मोडताना कळलं.

"मामूल न्हाई," तो पुन्हा म्हणाला. पेशकाराने लिहिलेलं खोडलं. मामूल साबित होत नाही, जसं चालत आलं तसं चालावं, असं साहेबांनी मोठ्याने सांगितलं आणि ते उठले. पाटलांनी त्यांच्यासाठी केळी आणि दूध मागवलं. सटवाजी आईचा हात धरून परत फिरला. खालच्या आवाजात ओट्यावर काय झालं, ते लांब उभ्या असलेल्यांपर्यंत पोचलंच नव्हतं.

घरी पार्वतीबाईने ताट वाढलं. तिला सगळं कळलं होतं, गावात अशा गोष्टी माणसाच्या आधी घरी पोचतात. ती एवढंच म्हणाली, "मामंजी काय मनले व्हते ते तुमीच मला सांगितलं व्हतं. म्या तर माहेरी व्हते." काशीनाथ पाणी पिऊन उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर टोपली नव्हती. काशीनाथने वाट पाहिली, पिंड धुतली, पुन्हा येऊन पाहिलं. पायरी रिकामीच. बेलाशिवाय पूजा उरकता येत नव्हती आणि हे काम सांगावं असं कोणी नव्हतं. तो उपरणं खांद्यावर टाकून निघाला. महारवाड्याकडे वळणारी वाट त्याने जन्मात कधी तुडवली नव्हती. ओढा ओलांडताना तिघा-चौघांनी त्याला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दगडाबाईच्या अंगणाला काटेरी फांद्यांचं कुंपण होतं आणि आत जायला एक फट. ती बेलाच्या बुंध्याशी बसली होती. सटवाजी पहाटेच परभणीला निघून गेला होता. काशीनाथ फटीच्या बाहेर उभा राहिला.

"बेल न्हाई आला," तो म्हणाला.

"न्हाई तोडला."

"राग आला का?"

"राग कशाचा, दादा." तिने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "प्वाटापायी मानूस बोलतंय. तुमी न्हाई मनला असता तरी म्या काय मनले नसते. तुमाला गावात ऱ्हायचंय. पन तुमी ते मामुली मनलात."

तिने बेलाच्या बुंध्यावर हात टेकला.

"तवा माझी चिमी तापानं फनफनली व्हती. तिला तशीच टाकून म्या आदी देवाला पानी घालायले यायची. तुमच्या बापाचा सबुद व्हता. एक दिस घरी आले तर पोरगी गेली व्हती. कुनाला सांगितलं न्हाई म्या. सांगितलं असतं तर इटाळाचं निगालं असतं, आनि देव उपाशी ऱ्हायला असता. ते मामुली व्हतं का, दादा?"

काशीनाथच्या ओठांवर आलं होतं, की मी तसं म्हणालो नाही. तो शब्द तुमच्याच बाजूचा होता. त्या शब्दाने दार उघडलं होतं. पण एवढं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, की उघडलेलं दार मीच लोटलं, आणि ते लोटायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला लागलेला शब्द काढून घ्यायला गेलं तर त्याच्या जागी त्याहून वाईट काहीतरी ठेवावं लागणार होतं. चिमी नावाची पोरगी होती, हेही त्याला आजच कळत होतं.

"झाड हितंच हाय," दगडाबाई म्हणाली. "लागंल तेवडा तोडून न्या. देवाचा काय गुना."

काशीनाथचा पाय उचलेना. देवळात, चावडीत, पाटलाच्या ओसरीवर त्याला कोणी कधी अडवलं नव्हतं आणि दारात उभं राहून विचारायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. विचारताना कुठे बघायचं असतं, आवाज केवढा लावायचा असतो, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"आत येऊ का, दगडाबाई?" त्याने विचारलं. आजवर तो तिला बापासारखाच दगडे म्हणायचा.

ती उठली. चाचपडत कुंपणापर्यंत आली आणि पुढे आलेली एक काटेरी फांदी तिने हाताने बाजूला धरली.

"या की," ती म्हणाली. "दारात आल्याला न्हाई मनायचं न्हाई, हे आमचं मामूल हाय."